दोन राजांची जकात

(सोलापूर, अक्कलकोट रोडवरची टॉवेलची शेड. खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची दुपार. पूजेसाठी माग बंद करून पुसून ठेवलेले. जोतिरामबुवा उद्याच्या कीर्तनाची तालीम करताहेत. पेटीवर पीरसाब, कारखान्यातल्या मागांची देखभाल करणारा जॉबर. समोर मालकांची मुलगी सृष्टी.)

जोतिराम : …तर श्रोतेहो, नदीच्या अलीकडे एक राजा, नदीच्या पलीकडे एक राजा. मध्ये पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना जकात नाके. आणि एके दिवशी काय झालं? पलीकडच्या राजानं आपल्या नाक्यावर जकात वाढवली हो! का वाढवली?

पीरसाब : व्हय, का वाढवली?

जोतिराम : पीरसाब, तू पेटी वाजव. प्रश्न श्रोत्यांना आहे.

पीरसाब : मग मी कोण हाय? पेटी वाजवतो म्हणून कान बंद ठिवलेत व्हय मी? सगळ्यात पयला श्रोता मीच की. सांगा, का वाढवली?

जोतिराम : सृष्टीबाळ, का वाढवली गं?

सृष्टी : मघाशीच सांगितलं ना बुवा. अमेरिकेनं आधी पंचवीस टक्के लावली, व्यापार बरोबरीचा नाही म्हणून. मग त्याच्यावर आणखी पंचवीस, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून.

पीरसाब : तेल घेतलं कुणी, आन पिळत्यात कुणाचा टॉवेल!

जोतिराम : हे छान आहे. हे घेतो मी आख्यानात.

पीरसाब : घ्या की. लोक हसतील. हसून झालं की परत इचारतील, का म्हणून.

जोतिराम : हसू दे रे आधी. हसलेलं माणूस ऐकतं. सृष्टी, तुझे पप्पा नेमकं काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांग.

सृष्टी : म्हणाले, लोक दिवसभर मोबाइलवर टॅरिफ टॅरिफ बघतात, धड कळत कुणालाच नाही. माझं कुणी ऐकणार नाही, बुवांचं ऐकतील. शेड उभी राहिल्यापासून खंडेनवमीला बुवांचंच कीर्तन आहे. यंदा उत्तररंगात पुराणातली कथा नको, हीच घ्या म्हणावं. दोन देशांची जकात पूर्वी काय होती, आता काय झाली. आणि…

जोतिराम : आणि?

सृष्टी : आणि शेवटी, माणसाच्या हातात काही नसतं, धीर धरावा, असं सांगा म्हणाले.

पीरसाब : शेवटबी शेठनंच ठरीवला व्हय? मग बुवा कशाला पायजेत? भोंगा लावा.

जोतिराम : गप रे. शेठचं मन मोठं आहे. पण मला सकाळपासून चैन नाही हे खरं. अभंग निवडायला बसलो, सुचेना. पूर्वरंग असा उंबऱ्यावर येऊन थांबतो आणि पुढं पाय पडत नाही.

पीरसाब : पाय लई पडायलेत तुमचे. बाळाबाईनं आत्ताच फरशी पुसून घेतलीय, आन तुमी येरझाऱ्या घालून तेलाची पावलं उमटवायलेत. उद्या लोक म्हणतील, देव येऊन गेला.

जोतिराम : बसवत नाही बाबा. माग चालू असले की निदान आपला जीव कुठं धडधडतोय ते ऐकू येत नाही. सृष्टी, परत पहिल्यापासून सांग. मी असं धरलंय, की अलीकडचा राजा भोळा, पलीकडचा दुष्ट.

सृष्टी : तिथंच चुकतंय, बुवा. पहिल्यापासून नाका उंच होता तो आपला.

जोतिराम : आपला?

सृष्टी : एक्क्याण्णव सालाच्या आधी बाहेरचं कापड आपण जवळजवळ येऊच देत नव्हतो. बाकीच्या मालावर जकात शंभर टक्क्यांच्या वर. काही वस्तूंवर तीनशेच्या पुढे.

जोतिराम : आपल्या राजानं?

पीरसाब : आपलाच की. भोळा राजा तीनशे घेत हुता. सांगा उद्या कीर्तनात.

जोतिराम : आणि तेव्हा त्यांचा नाका?

सृष्टी : टॉवेलवर त्यांची जकात दहाच्या आसपास. कमीच. पण त्यांचा कोटा होता. वर्षाला ठरवून दिलेला तेवढाच माल घ्यायचे, त्याच्या वर एक टॉवेल नाही.

जोतिराम : म्हणजे एकानं दार लावून घेतलं. दुसऱ्यानं दार उघडं ठेवलं, पण उंबऱ्यावर बसून आत येणारे मोजले.

सृष्टी : अगदी तसंच! मला कॉलेजात हे कुणी असं सांगितलं असतं तर… बरं. मग आपण आपली जकात उतरवत आणली. आणि दोन हजार पाचला त्यांचा कोटा गेला.

पीरसाब : त्या साली ही मागल्या बाजूची मागांची वळ आली. माल सगळा आमेरिकेचा. शेठनं गाडीवरनं माग उतरवायला आमाला जिलेबी खाऊ घातली. तवा मी पोरगेला हुतो, सुताच्या कांड्या भरायचो. तुझे पप्पा मला म्हणाले, पीरसाब, आता पलीकडं खोक्यावर खोकं जाणार, मोजायला कुणी न्हाय.

सृष्टी : त्यानंतर वीस वर्षं टॉवेलवर त्यांची जकात शंभराला नऊ. बदललीच नाही म्हणा. आपण बाहेरच्या कापसावर काही घेत नव्हतो, ते एकवीस सालापासून अकरा घ्यायला लागलो. आणि यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी नवावर पन्नास चढवली. त्याच महिन्यात आपण कापसावरची अकरा काढून टाकली.

पीरसाब : काढली? त्यांनी चढवली, आन आमी उतरवली?

सृष्टी : सूत स्वस्त पडावं, गिरण्यांना तेवढाच टेकू मिळावा म्हणून, चाचा.

जोतिराम : थांब, थांब. मला नीट लावू दे. आधी आपला नाका उंच, त्यांचा ठेंगणा. आता त्यांचा उंच, आपला ठेंगणा.

सृष्टी : टॉवेल आणि कापसापुरतं म्हणा. सगळा माल धरला तर आपली जकात अजूनही बरीच आहे. अमेरिकावाले तेच तर म्हणतात.

जोतिराम : आणि आपण काय म्हणतो?

सृष्टी : आपण म्हणतो, आमची माणसं गरीब, आम्हाला सांभाळावं लागतं. ते म्हणतात, आमचे कारखाने बंद पडले, आम्हाला सांभाळावं लागतं.

जोतिराम : मग दुष्ट कोण?

सृष्टी : मला नाही सांगता येत.

जोतिराम : असं कसं चालेल बाळ! आख्यानाला एक बाजू लागते. हिरण्य… जाऊ दे, नावं नकोत, पण कुणीतरी मिशा पिळणारा लागतो. टाळ्या कुठं वाजवायच्या आणि डोळ्याला पदर कुठं लावायचा, हे लोकांना कळायला नको?

पीरसाब : बुवा, मला एक सांगू द्या. ह्या पलीकडच्या राजाच्या लोकांनी आंग पुसायचं सोडलं काय?

सृष्टी : नाही हो चाचा. दुसरीकडून घेतात. ज्या देशावर कमी जकात आहे तिथून.

पीरसाब : कुटनं?

सृष्टी : बांगलादेश आहे… तुर्कस्तान आहे… अजून पण आहेत.

पीरसाब : पाकिस्तान म्हण की. तोंड का आवळतीस? मी पीरसाब हाय म्हणून?

सृष्टी : तसं नाही, चाचा, शप्पथ.

पीरसाब : त्यांच्यावर किती?

सृष्टी : एकोणीस.

पीरसाब : एकुणीस कुटं, पन्नास कुटं. तितंबी कुणीतरी जॉबर असंल माझ्यासारका. आज समद्यांना चा पाजत असंल. पाजू दे. आमीबी जिलेबी खाल्लीच की, तवा कुणाचा तरी माग थांबलाच असंल.

जोतिराम : पीरसाब… हे मला कीर्तनात सांगायचं सुचलं नसतं रे.

पीरसाब : सांगूबी नका. भवानी पेठेतली पोरं तुमचं उपरणं आन माझी मान धरतील.

सृष्टी : फोन आहे पप्पांचा, एक मिनिट. हॅलो… हो, खालीच आहे, बुवा आहेत, पीरसाबचाचा आहेत… नाही, अजून नाही सांगितलं. … हो, फुलवाल्याला सांगितलं. पुढच्या ओळीपुरतेच. … हो पप्पा. तुम्ही गोळी घ्या आणि पडा थोडं.

पीरसाब : पुढच्या वळीपुरतं काय?

सृष्टी : काही नाही, उद्याच्या तयारीचं.

पीरसाब : पोरी, तू ह्या शेडात रांगलीस. खोटं बोलताना अजून नाकाला हात लावतीस.

सृष्टी : हार. झेंडूचे.

जोतिराम : हार तर दर मागाला असतो. अट्ठेचाळीस माग, अट्ठेचाळीस हार. मीच घालत जातो, कीर्तनाच्या आधी.

सृष्टी : पप्पा म्हणाले, दसऱ्याला जे माग चालू होणार, त्यांनाच घालायचे. मागच्या ओळीला नाही. म्हणजे लोक बघतील आणि आपोआप समजतील. कुणी कुणाला तोंडानं सांगायला नको.

जोतिराम : आणि त्यानंतर मी उभा राहून धीर धरा म्हणायचं.

सृष्टी : हो.

पीरसाब : मागची वळ माझी हाय.

सृष्टी : माहितीय, चाचा.

पीरसाब : मग मला पेटी वाजवायला कशाला बशीवलाय? माझ्याच बंदीला सूर धरू व्हय मी?

जोतिराम : पीरसाब, देवाशप्पथ, मला हे ठाऊक नव्हतं.

पीरसाब : तुमाला कुटं म्हणतोय, बुवा. मी हिच्या बापाला म्हणतोय. रुद्रप्पाशेठ आन मी एका डब्यातनं कडक भाकरी खाल्लीय. त्या माणसानं मला निरोप धाडायचा फुलाकडनं? आन ती फुलंबी न धाडता?

सृष्टी : त्यांच्यानं होत नाही हो! आठवडा झाला, धड जेवत नाहीत. मागच्या ओळीतल्या सगळ्यांची घरं त्यांना ठाऊक आहेत. कुणाच्या मुलीचं काय, कुणाच्या आईचं काय. ऑफिसातनं खाली येताना जिन्यात थांबतात आणि परत वर जातात.

पीरसाब : ते समदं खरं. पर तुमाला एक ठाऊक न्हाय, बापलेकीला. लोकांना समजणारच न्हाय.

सृष्टी : का नाही? हार नाही म्हटल्यावर…

पीरसाब : हार न्हाय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? फुलवाल्यानं कमी धाडले! बिरुदेव वळखतीस न्हवं? गेल्या साली त्याच्या मागाचा हार बारका आला, तर दिवसभर मागाकडं पाट करून बसला हुता. उद्या त्याच्या मागाला हार दिसला न्हाय, तर सायकल काढून नवी पेठेत जाईल आन पदरच्या पैशानं मोठा हार आणून घालंल. नागव्वा कडा शिवायचं मशीन सोडून येईल, केसातली वेणी सोडून दुसऱ्या उघड्या मागाला बांधंल. हसत हसत. ‘मालकीणबाई इसरल्या’ म्हणत. मग तू काय करशील? हार काढून घेशील? आन वरनं बुवा गोड शेवट करणार. काय शेवट लावलाय, बुवा?

जोतिराम : लावलाय… लावला होता. पलीकडच्या राजाला रात्री स्वप्न पडतं. स्वप्नात त्याला मागावर बसलेली माणसं दिसतात. पहाटे तो उठतो, अनवाणी पुलावर येतो, आणि आपल्या हातानं नाक्याचा बांबू वर करतो. मग गजर.

पीरसाब : झालं तर. परवा सकाळी कुंभारी गावापासनं सगळी वळ डबा घिऊन गेटावर. बुवांनी सांगितलंय, बांबू वर झाला. तुमी ज्या जागेवर हुबं राहता, तितनं आलेली गोष्ट ही लोकं गोष्ट म्हणून ऐकत न्हाईत.

जोतिराम : सृष्टी, पडेल का गं स्वप्न त्या राजाला?

सृष्टी : बोलणी चालू आहेत, बुवा. या महिन्यात उतरेल, नाहीतर पुढच्या वर्षी. नाहीतर वाढेल पण. कुणालाच ठाऊक नाही.

जोतिराम : मग नाही.

सृष्टी : काय नाही?

जोतिराम : उत्तररंग नाही. कपाळी बुक्का लावून, देवाच्या पुढ्यात उभा राहून, न पडलेलं स्वप्न मी कुणाला पाडणार नाही. पूर्वरंग करीन. नाम घेईन, अभंगाचं निरूपण करीन, घसा फुटेपर्यंत करीन. आता अभंगही सुचेल मला. मग आरती.

सृष्टी : अर्धंच कीर्तन? पप्पांना काय सांगू मी?

जोतिराम : सांग, कथा अजून चालू आहे, बुवांना तिचा शेवट ठाऊक नाही. आणि हार सगळ्या मागांना. एकही माग उघडा राहिला तर मी शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

पीरसाब : पूजा हत्याराची असती. बंद हत्यारबी हत्यारच हाय.

सृष्टी : पण मग लोकांना कळणार कसं? सगळ्यांना हार, सगळ्यांना प्रसाद, आणि परवा येऊन बघतात तर मागची वीज बंद?

पीरसाब : तोंड हाय की सांगायला.

सृष्टी : कुणाचं? पप्पा येणार नाहीत.

पीरसाब : तुझं.

सृष्टी : मी? चाचा, मी एक्सपोर्ट बघते. मी ईमेल लिहिते. मी फार तर भिंतीवर आलेख दाखवीन, दोन देशांच्या दोन रेघा, कुठली कधी वर गेली, कधी खाली आली…

पीरसाब : रेघा नक्को. आमाला खालच्या रेघंवर बशीवशील.

जोतिराम : आधी फुलवाल्याला फोन कर, बाळ. तेवढं झालं की पुढचं सुचतं.

सृष्टी : हॅलो, काका, सृष्टी बोलतेय, टॉवेल कारखान्यातून. मघाची ऑर्डर वाढवायची. … नाही, सगळ्याच मागांचे. … हो, नेहमीसारखे. … नाही, विसरले नव्हते. … नाही, पप्पांना नका विचारू, मी सांगतेय ना. … बरं.

पीरसाब : हां. आता हितं हुबी राहा.

सृष्टी : आत्ता?

पीरसाब : मग उद्या थेट? बुवा तीस वर्षं कीर्तन करत्यात, तरी तालीम करत्यात.

सृष्टी : इथं, गादीजवळ उभी राहू?

जोतिराम : तिथं नको. ती नारदाची जागा. तिथं उभं राहिलं की लोक पाया पडतात, प्रश्न विचारत नाहीत. तुला त्यांनी प्रश्न विचारले पाहिजेत. तू मागच्या ओळीपाशी जा. त्या मागांमध्येच उभी राहा.

सृष्टी : नमस्कार. सध्याच्या जागतिक परिस्थितीमुळे आणि अनिश्चिततेच्या वातावरणात…

पीरसाब : झोपलो मी.

सृष्टी : चाचा!

पीरसाब : मघाशी बुवांना कसं सांगत हुतीस, तसं सांग की.

सृष्टी : …आपल्या टॉवेलवर अमेरिकेत शंभराला नऊ जकात होती. आता एकोणसाठ झाली. ती आपण भरत नाही, तिथं माल घेणारा भरतो. त्याला परवडेना, म्हणून तो आता दुसऱ्या देशातून घेतो. आपला टॉवेल वाईट झाला म्हणून नाही. एके काळी आपला देशही बाहेरच्या मालावर याहून जास्त घ्यायचा. तेव्हा त्यांच्याकडे कुणाचे माग थांबले असतील, ते आपण कधी विचारलं नाही. बरोबर कोण, मला सांगता येत नाही. पण ही मागची ओळ त्यांच्याच मालावर उभी राहिली आणि त्यांच्याच मालावर चालली. तो माल आता नाही.

जोतिराम : थांबू नकोस. छान चाललंय.

सृष्टी : इथल्या बाजाराचं काम शोधतोय. मिळालं, की पहिल्यांदा मागच्या ओळीला बोलवू. कधी मिळेल ते ठाऊक नाही. बोनस दरवर्षीसारखा सगळ्यांना मिळेल. पण दसऱ्याला ही ओळ… ही मागची ओळ चालू होणार नाही.

पीरसाब : वळ म्हणू नको.

सृष्टी : मग काय म्हणू?

पीरसाब : वळीला घरदार नसतंय. नावं घे.

सृष्टी : एकेकाचं? सगळ्यांसमोर? किती वाईट वाटेल त्यांना!

पीरसाब : वाईट वाटणारच हाय. पर बिरुदेव घरी जाऊन सांगंल, माझं नाव घिऊन सांगितलं, माझ्याकडं बगून सांगितलं. लाईट बंद बगून माघारी आलो, असं सांगायची येळ येऊ नये माणसावर.

सृष्टी : नाव तोंडापर्यंत येतं. पुढं आवाजच फुटत नाही, चाचा. आत्ताच फुटत नाही, उद्या सगळे बसलेले असतील.

जोतिराम : पीरसाब, हिला पांढरी चारचा सूर दे. बाळ, निरूपणात कीर्तनकाराचा गळा दाटून येतो ना, तेव्हा पेटीवाला नुसता एक सूर धरून ठेवतो. गाणं नाही, चाल नाही. नुसता एक सूर. त्याच्यावर शब्द ठेवत जायचे. पडत नाहीत.

सृष्टी : उद्या पण धराल, चाचा? तुम्ही?

पीरसाब : पेटी माझीच हाय उद्या. हां, घे आता. पयलं माझं घे.

सृष्टी : तुमचं नाही येत माझ्यानं.

पीरसाब : माझं आलं, की बाकीची येत्यात.

सृष्टी : पीरसाबचाचा…

पीरसाब : चाचा नक्को. हजेरीला घेत्यात तसं.

सृष्टी : पीरसाब. जॉबर. मागची… पीरसाब…

पीरसाब : थांबू नको, बेटा. सूर धरलाय मी.